हातात द्यायचं

यंत्रहातानं पॉलिश केलेला नळ टेबलावर ठेवला आणि तो मागं सरकला. तपासणीला उभ्या असलेल्या सुगत कांबळेचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

"मघाशी पाटलांच्या तर हातात दिला यानं," इंजिनिअर मेघना म्हणाली. तिनं तपासणीवरच्या या दोघांच्या जागा बदलून पाहिल्या. पाटलांना नळ हातात मिळाला, सुगतसाठी पुन्हा टेबलावर.

"सेन्सर तर नीट आहेत. मामा, हा सगळं तुमच्याकडूनच शिकलाय ना?"

पॉलिशचे जुने कारागीर हिंदुरावमामा जवळच उभे होते. मनगटाला सेन्सरचा पट्टा बांधून वर्षभर त्यांनीच त्याला शिकवलं होतं. चाकावर तोच हलका दाब, कडेला मनगट वळवायची तीच लकब. कालच त्यांनी ती पाहुण्यांना कौतुकानं दाखवली होती.

"यंत्राचा दोष नाही, मॅडम," सुगत शांतपणे म्हणाला. "त्यानं बघितलं तेच तो करतोय."

मेघनानं सुगत आणि हिंदुरावांकडं पाहिलं. मग पट्टा हिंदुरावांपुढं धरत ती हळू आवाजात म्हणाली, "यांच्या हातात द्या, मामा. द्याल तसं शिकेल तो."

हिंदुरावांनी पट्टा बांधून नळ उचलला. त्यांचे कान तापले होते. या वेळी त्यांना खरंच द्यायचा होता. सुगतनं हात पुढं केला. हिंदुरावांचा हात त्याच्या दिशेनं निघाला आणि अर्ध्या वाटेवर आपसूक टेबलाकडं वळला.

नळ टेबलावर टेकला. शेजारचा यंत्रहातही त्याच वाटेनं, आज्ञाधारकपणे खाली आला.