चार केबी

डब्लिनच्या ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरच्या रॅमच्या सगळ्या पट्ट्या मी आज बदलल्या. नवी रॅम दोन टेराबाइटची.

सर्व्हर सुरू करून कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, मेमरी तपासली. तिथली जागा जो प्रोग्राम घेतो तो तिच्यावर आपली चार अक्षरं लिहून ठेवतो, आणि त्यानेच परत केल्याशिवाय ती जागा सुटत नाही. यादीच्या तळाशी चार केबी, म्हणजे जेमतेम पान-दोन पानं मजकुराची जागा, अडकलेले दिसले. अक्षरं होती के-आर-एस-एन.

कृष्णाकाका. सोळा वर्षं हा सर्व्हर त्यांनी सांभाळला. मार्चमध्ये ते वारले.

"यार आश्लेषा, त्यांनी लिहिलेला एखादा ड्रायव्हर प्रोग्राम राहिला असेल. रीबूट कर," शेजारच्या टेबलावरचा केदार म्हणाला आणि जेवायला खाली गेला.

त्यांचे ड्रायव्हर मी एप्रिलमध्येच काढले होते. तरी दोनदा रीबूट केलं; बंद-चालू केलं की मेमरी पूर्ण कोरी होते. चार केबी तिथेच.

मग ती जागा उघडून आत काय आहे ते वाचलं. रोमन अक्षरांत मराठी, काका चॅटवर लिहायचे तसं.

"आश्लेषा, डबा खाल्लास का?"

रोज एक वाजता ते हेच विचारायचे. मी कामाच्या नादात डबा न उघडताच हो म्हणायचे. ते फक्त आपल्या डब्यातली एक पोळी माझ्यापुढे सरकवायचे.

आत्ता एक वाजून गेला होता.

"हो काका, खाल्ला," मी हळूच म्हणाले.

डबा बॅगेत तसाच बंद होता.

स्क्रीनवर के-आर-एस-एनपुढे चाराचे आठ केबी झाले.