चौदावं उदाहरण

सरांच्या बीजगणिताच्या पुस्तकात, अवयव पाडायच्या धड्यातल्या चौदाव्या उदाहरणाचं उत्तर चुकलेलं होतं. चिन्हांची अदलाबदल, बाकी काही नाही. दरवर्षी शाळांमध्ये तो धडा सुरू झाला की शेवटच्या पानावरचा नंबर बघून मुलं फोन करायची, "सर, कंस सोडवले तर मधलं पद अधिक येतंय, गणितात तर वजा आहे!"

घरी एकटेच असलेले सर खुर्ची ओढून बसायचे. "घाई नको. एकेक पायरी सांग, मी लिहून घेतो." शेवटी शाबासकी द्यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या आवृत्तीत नक्की दुरुस्त करतो हं." तो धडा संपला की फोन वर्षभर मुका.

नवव्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांकडे प्रूफं तपासणाऱ्या नव्या मुलीचा फोन आला. "सर, मी आठवीत असताना याच चौदाव्या उदाहरणासाठी तुम्हाला फोन केला होता. चांगला अर्धा तास बोललो होतो आपण. ते अजून तसंच?"

"राहून गेलं गं," सर पुटपुटले. "आता तूच करून टाक."

आठवड्याने प्रूफं आली. इतर धड्यांतल्या सात चुका तिने लाल शाईने दुरुस्त केल्या होत्या. चौदाव्याला हातही लावला नव्हता.



आणि शेवटच्या पानावर, सरांच्या फोन नंबरापाशी, तिने समासात लिहिलं होतं: 'आकडे मोठे घ्या. ठळक.'