दोन रविवार

शाईचा पॅड प्रमोदिनीसमोर सरकवला गेला. तिनं त्याचं झाकण लावलं आणि तो परत सरकवला.

"मला लिहिता येतं," ती म्हणाली.

"मग सही कर, ताई," वसंत म्हणाला. "अध्यक्षकाकांचा वेळ चाललाय."

अकोल्यातल्या वकिलांच्या मदतनिधीची बैठक होती. समोरच्या कागदावर लिहिलं होतं की प्रमोदिनीला व्यवहाराची समज नाही, सबब तिच्या आजारी वडिलांसाठी मिळणारी मदत धाकट्या भावानं घ्यावी. धाकटा भाऊ म्हणजे वसंत. तो अमरावतीला मास्तर होता. वडिलांना तो आपल्याकडे नेणार होता, प्रमोदिनीला अचलपूरला आत्याकडे पोचवणार होता. घराला कुलूप.

प्रमोदिनी अडतीस वर्षांची होती. बोलताना ती कुणाच्या तोंडाकडे बघत नसे. पंखा घरघरू लागला की कानांवर हात ठेवी. एकच वाक्य त्याच सुरात तीनदा म्हणे. आळीत तिला अर्धवट म्हणत. नऊ वर्षांपूर्वी गोपाळकृष्ण वकिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हापासून तीच त्यांना भरवत होती, पुसत होती, दर दोन तासांनी कुशीवर वळवत होती. कायद्याची पुस्तकं विकून दोघांचं भागत होतं. गेल्या महिन्यात शेवटचं कपाट रिकामं झालं. तेव्हा मदतीसाठी तिनंच निधीकडे अर्ज केला होता. उत्तरादाखल हा कागद आला.

आत्ता वडिलांजवळ शेजारच्या दुर्गाबाई बसल्या होत्या. चार वाजेपर्यंत. वडिलांचं खिशातलं घड्याळ प्रमोदिनीच्या मुठीत होतं. साडेतीन झाले होते.

"ती एकटी सांभाळू शकत नाही," वसंत अध्यक्षांना म्हणाला. "चार वर्षांपूर्वी निधीनं बाई दिली होती. तीन महिन्यांत हिच्या त्रासानं पळाली. विचारा तिलाच, मी बोलावून आणलंय."

दाराशी मैनाबाई उभी होती. अध्यक्ष हेमचंद्रराव तिच्याकडे वळले.

"मैनाबाई, काम का सोडलंस?"

"म्या कुठी सोडलं, सायेब? या ताईनं काढलं मले."

"ऐकलंत?" वसंत म्हणाला.

"काहून काढलं, थे तं इचारा!" मैनाबाई त्याच्यावर खेकसली. "दर दोन घंट्यानं कूस बदलाची व्हती. माहा दुपारी डोया लागला. एकडाव नाई, रोजच. वकीलसायेबाच्या पाठीले जखम झाली. दुसरी कोनी असती तं गल्ली गोया करून मले शिव्या देल्या असत्या. हिनं फकस्त घड्याळ दाखोलं, पगार हातात ठेवला अन् दार उघडलं. सा आठवड्यात जखम भरून काढली. डाक्टर पायत राह्यले."

प्रमोदिनीनं पिशवीतून दुसरा कागद काढला आणि पॅडवर ठेवला.

"नवा अर्ज आहे," ती म्हणाली. "निधीच्या नियमात मुलीला काही नाही. शुश्रूषेला ठेवलेल्या बाईला महिना पंचवीस रुपये आहेत. मैनाबाईंची जागा रिकामी आहे. मला नेमा."

एक सभासद हसला. वसंत हसला नाही.

"ताई, अगं बापाची सेवा करायचा पगार मागतेस? लोक काय म्हणतील?"

"लोक कूस बदलायला येत नाहीत."

"तू मुलगी आहेस त्यांची!"

"तू मुलगा आहेस," ती म्हणाली. तिचा सूर तोच होता.

हेमचंद्ररावांनी नियमांची वही उघडली. ती वही गोपाळकृष्ण वकिलांनीच तयार केली होती, निधी सुरू झाला तेव्हा. बाई नात्यातली नसावी, असं तीत कुठंच नव्हतं. त्यांनी दोनदा वाचलं. मग अर्ज उचलून वहीशेजारी धरला. दोन्हींचं अक्षर एकच होतं. वहीच्या वेळी वडील सांगत गेले असतील आणि ही लिहीत गेली असेल. त्यांनी शाईचा पॅड उचलून खणात टाकला.

"हे बरं दिसत नाही," ते वसंताला म्हणाले, "पण नियमात बसतं. मंजूर. पहिल्या तारखेपासून पंचवीस रुपये, प्रमोदिनीच्या हातात."

वसंतानं टोपी उचलली. सभासद उठू लागले. प्रमोदिनी बसूनच राहिली.

"आता काय राहिलं?" हेमचंद्ररावांनी विचारलं. "सांग बाई, चार वाजत आले."

"सात मिनिटं आहेत. सुट्टी राहिली. मैनाबाईंना महिन्यातून दोन रविवार होते."

"बरोबर आहे," दारातून मैनाबाई म्हणाली. "कायद्यानं व्हते."

"मला नऊ वर्षांत एकही नाही. नियम अकरा वाचा."

हेमचंद्ररावांनी पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "बाईच्या सुट्टीच्या दिवशी रुग्णाची शुश्रूषा कुटुंबीयांनी करावी."

"मी आता बाई आहे," प्रमोदिनी म्हणाली. "कुटुंबीय वसंता आहे."

वसंताची टोपी हातातच राहिली.

ती उठली. पिशवी खांद्याला लावली, घड्याळ त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याच्या तोंडाकडे मात्र तिनं पाहिलं नाही.

"पहिल्या रविवारी पहाटे सहाला ये. दर दोन तासांनी कूस बदलायची. डोळा लागला, तर तुलाही काढीन."