ऑरिनआजोबांचा नकार

इस्पितळात धाडायच्या कागदावर सही करण्याआधी जोलीनने ऑरिनआजोबांना तोंड उघडायला लावलं. कवळी नीट बसत होती, जिभेवर फोड नव्हता. पोट दाबून झालं, पाणी पाजून गिळणं पाहून झालं. गोळ्यांच्या यादीतली भूक मारणारी एक गोळी तिने खोडली. पण ती गोळी आजोबा चार वर्षं घेत होते, आणि वजन तेरा पौंडांनी उतरलं होतं ते गेल्या पाच आठवड्यांत.

जोलीन त्या शुश्रूषागृहातली, डॉक्टरासारखी औषधं लिहून द्यायचा परवाना असलेली वरिष्ठ नर्स. तपासायचं, औषध लिहायचं, कुणाला इस्पितळात धाडायचं ते ठरवायचं, सगळं तिच्या सहीने होई. आजोबांची मुलगी मार्लिस मात्र ॲरिझोनाहून विमानाने आली होती आणि तिला खरा डॉक्टर हवा होता. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, जोलीनने शांतपणे सांगितलं, आणि आल्यावर काय करायचं ते मलाच विचारतात.

दोन वाजता रुग्णवाहिका येणार होती. इस्पितळात नेऊन आजोबांच्या पोटात नळी बसवायची, त्यातून अन्न घालायचं, असं मार्लिसने ठरवलं होतं. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, तुम्हाला सोयीचं पडेल तसं करा.

जोलीनने नोंदवही उघडली. पाच आठवडे, दिवसातून तीनदा, एकच वाक्य: जेवण नाकारले. न विचारता उशाशी ठेवलेलं दूध आणि बिस्किटं तेवढी संपत. खाली ताट नेणाऱ्या गार्माईची सुबक सही. जोलीन म्हणाली, आजचं जेवण माझ्यासमोर आणा.

गार्माई ताट घेऊन आली. चाळिशीची, लायबेरियाची. तिच्याइतकी म्हाताऱ्यांची निगा तिथे दुसरं कोणी राखत नसे. ती किंचित वाकून म्हणाली, "पापा, जेवणार?"

"नको गं. कशाला तुला त्रास."

"बरं, पापा." आणि ताट आलं तितक्याच अदबीने परत गेलं.

बघा, हे असं चालतं, मार्लिस म्हणाली.

जोलीनने गार्माईला दारातच गाठलं. पुन्हा का नाही विचारलंस? गार्माईला प्रश्नच कळेना. मोठ्या माणसाने नको म्हटल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे, तुम्हाला तुमचं कळत नाही असं तोंडावर सांगणं. आमच्याकडे असलं कोणी करत नाही, ती म्हणाली. आजोबांना रोज वाळताना पाहून ती घरी जाऊन रडत मात्र होती. तिच्याआधी ताट कोण आणायचं? आर्डिस. इथलीच, याच गावात वाढलेली. पाच आठवड्यांपूर्वी निवृत्त झाली.

जोलीनने ताट हातात घेतलं आणि आत गेली.

"ऑरिन, थोडं जेवता?"

"नको."

"गरम आहे अजून."

"दुसऱ्या कुणाला दे. माझं काही अडलेलं नाही."

"आता आणलंच आहे. परत नेलं तर स्वयंपाकघरात वाईट वाटेल त्यांना."

आजोबांनी सुस्कारा सोडला. "इतकं म्हणतेस, तर घासभर."

घासभर म्हणता म्हणता मांसाची वडी गेली, कुस्करलेले बटाटे गेले, ताटाला लागलेला रस्सा पावाने पुसून गेला. मार्लिस बघतच राहिली. बाबा, पाच आठवडे भूक होती तर बोलला का नाहीत, तिने विचारलं.

आजोबांनी तोंड पुसलं. "एकदाच विचारल्यावर हो म्हणायचं? लोक काय म्हणतील?"

रुग्णवाहिका रद्द झाली. जोलीनने औषधांच्या कागदावर लिहिलं: आग्रह. तीन वेळा, प्रत्येक जेवणाआधी. खाली सही केली. तासाभराने औषधांच्या दुकानातून फोन आला, की हे औषध आमच्याकडे नाही, याच्याऐवजी दुसरं काही चालेल का.

संध्याकाळी पाच वाजता गार्माईने ताट आणलं. कागदाबरहुकूम एकदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना तिची मान खाली गेली. तिसऱ्यांदा विचारून ती पुटपुटली, "माफ करा, पापा."

आजोबा पोटभर जेवले. मग सफरचंदाच्या केकची बशी त्यांनी तिच्यापुढे सरकवली. "तू घे."

"नको, पापा."

आजोबांचा चेहरा खुलला. बाई चांगल्या वळणाची होती. त्यांनी बशी आणखी थोडी पुढे ढकलली, खुर्चीत सावरून बसले आणि दुसऱ्यांदा विचारलं.