ताईंची सवय

कुमुदताईंना वारून बरीच वर्षं झाली होती, पण संगणकात उतरवून घेतलेलं त्यांचं मन दूध संघाचे टँकर अजून धाडतच होतं. याच कामासाठी घडवलेली नवी प्रणाली आणायची का, ते आज ठरणार होतं. आणली, तर ताई सुटणार होत्या. म्हणून आठवडाभर त्या मुद्दाम विट्याचा टँकर तासगावला पाठवत होत्या.

"नवी झकास आहे," साहेब म्हणाले. "शिवाय ताई हल्ली चुकतात."

"चुकू द्या की!" सुलभा म्हणाली. "आम्ही ड्रायव्हरला फोन करून वळवतो. ताईंच्या चुका तोंडपाठ झाल्यात, नवीच्या कुठं शिकत बसायच्या?"

साहेबांना पटलं.

पडद्यावर ताईंनी लिहिलं, "मला जाऊ द्या गं."

"बघा," सुलभा कौतुकानं म्हणाली, "जिवंतपणीही कचेरी सुटायच्या वेळी अश्शाच घाई करायच्या!"