मारामारीचा सिनेमा

पडद्यावर पहिला ठोसा बसला आणि गोपिकेनं अंधारात नवऱ्याचं मनगट धरलं.

रुपरावचा हात थरथरत होता. गोळ्यांनी तो नेहमीच थरथरायचा. पण आज ते नुसतं गोळ्यांमुळं आहे, असं तिला वाटेना.

कोराडीच्या नव्या वीजकेंद्रात तो कोळशावर कामाला होता. मागच्या उन्हाळ्यात त्याला आवाज ऐकू यायला लागले. एकदा त्यानं क्वार्टरमधला आरसा फोडला, कपाट फोडलं. मग इस्पितळ. दिवाळीआधी तो बरा होऊन घरी आला. तिच्यावर त्यानं कधीच हात उचलला नव्हता. तरी भाजी चिरून झाली की ती विळी कुलपात ठेवायची आणि रात्री दाराच्या बाजूला झोपायची.

“त्याले मारामारीचे सिनेमे दाखवू नको,” थोरला दीर बळीराम बजावून गेला होता. “अशा माणसाचं डोकं तेवढ्यानंच फिरते.”

तिनं डॉक्टरांना विचारलं. “खात्रीनं कोणी सांगू शकत नाही,” ते म्हणाले. “गोळ्या चुकवू नका. बाकी त्यांना माणसासारखं राहू द्या.”

आणि रुपरावनं नेमका सिनेमाच मागितला. घरी आल्यापासून त्यानं स्वतःहून काही मागितलं नव्हतं. तिला नाही म्हणवलं नाही. दुपारच्या बसनं दोघं शहरात, इतवारीत आली. थिएटरबाहेरचं सुरा उगारलेल्या माणसाचं पोस्टर पाहूनच तिला परत फिरावंसं वाटलं.

आत गुंड एका म्हाताऱ्याला तुडवत होते. गोपिका पडद्याकडे पाहतच नव्हती. ती रुपरावचा जबडा पाहत होती, त्याच्या मुठी पाहत होती.

तो अचानक उठला.

“खाली बस ना बे,” मागून कोणी तरी ओरडलं. रुपरावनं वळून पाहिलं. गोपिका अर्धवट उठली. पण तो लोकांच्या गुडघ्यांना धडकत रांगेतून बाहेर पडला, थेट दाराकडे गेला. ती मागोमाग धावली.

बाहेर उन्हात तो पाण्याच्या माठाजवळ उभा होता. त्यानं गिलास भरला. हात हलत होता, अर्धं पाणी सांडलं. उरलेलं त्यानं तिच्यापुढे धरलं.

“पी.”

“तुम्हाले काय झालं?”

“मले काय व्हाचं? तुहा हात बर्फावानी थंड पडला होता. कापून राहिली होती तू. म्हटलं, हिले मारामारी सोसत नसंन. चाल, घरी जाऊ.”

ती पाणी प्यायली. “सिनेमा आवडला नाही का तुम्हाले?”

“चांगला आहे. पण तू कुठं पाहून राहिली वं? सारा वेळ माह्याच तोंडाकडं पाहतं.” तो थोडं हसला. “इस्पितळातबी सारे तसेच पाहत.”

गोपिकेनं पदरानं तोंड पुसलं.

“आत चला,” ती म्हणाली. “त्या बुढ्याचं काय झालं ते पाहाचं आहे मले.”

या वेळी तिनं दोन्ही हात आपल्याच मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचा मुलगा परत आला. त्यानं एकेका गुंडाला हुडकून काढलं. गोपिका खुर्चीत पुढे सरकली. तिच्या मुठी कधी आवळल्या, तिला कळलं नाही.

“हाण त्याले,” तिच्या तोंडून निघून गेलं. पुढच्या रांगेतल्या दोन बाया वळून हसल्या. गोपिका लाजली, आणि ही गंमत सांगायला नवऱ्याकडे वळली.

चारी बाजूंनी शिट्ट्या वाजत होत्या. रुपराव मान कलती करून गाढ झोपला होता.