त्याच हातात

"तुमचा चेहरा दाखवला नव्हता हो आम्ही, मावशी," शर्वरी तिसऱ्यांदा म्हणाली.

सुंदराबाई घरच्या चुलीपुढून हलली नाही. महिन्यापूर्वी तिनंच अंगणवाडीच्या खिचडीतली अळ्या पडलेली डाळ तळहातावर घेऊन कॅमेऱ्यापुढे धरली होती. शर्वरीच्या संस्थेनं तो व्हिडिओ टाकला आणि चार दिवसांत लाखभर लोकांनी पाहिला. साहेबांची पळापळ झाली, ठेकेदार बदलला, चांगली डाळ आली. संस्थेचा शिरस्ताच होता की तक्रार टाकली तर तिचं पुढं काय झालं तेही लोकांना दाखवायचं. म्हणून शर्वरी आज फोटो काढायला आली होती. पण अंगणवाडीत सुंदराबाईच्या जागी खिचडी वाढत होती भलतीच कुणी मदतनीस.

सुंदराबाईनं मनगट पुढे केलं. त्यावर हिरवं गोंदण होतं, तुळस आणि खाली भावाचं नाव. "ह्याला अख्खा गाव ओळखतो, बाई. चौदा वर्षं ह्याच हातानं वाढलंय. व्हिडिओ आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं मला." मग तिनं विचारलं, "पोरं नीट जेवतात का आता?"

"जेवतात."

व्हिडिओ काढून टाकावा म्हणून शर्वरीनं फोन उघडला. पण तो एव्हाना कुठल्या कुठे पसरला होता. तेवढ्यात ऑफिसचा मेसेज आला: 'नवी डाळ त्याच हातात देऊन फोटो काढ. लोक तो हात ओळखतात.'